एका युआनला किती मेटिकाल? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आफ्रिकेतली चलने आणि चीनचा युआन यांच्या जुन्या दरांविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख मोझांबिक आणि तिथले चलन मेटिकाल यांच्याकडे आहे, आणि गोव्यात ते साहजिकच आहे. इथल्या कितीतरी घरांतली माणसे मोझांबिकच्या लोरेंसु मार्किश (आजची राजधानी मापुतो) आणि बैरा इथे नोकरीला होती. काजूच्या कारखान्यांत आफ्रिकेचा कच्चा माल आजही येतो. सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (फोंडा, एम. कॉम.चा विद्यार्थी): मोझांबिक आणि चीन यांच्यातला 1990 ते 2023 चा व्यापार हा माझा प्रकल्प आहे. मेटिकाल आणि युआनचा थेट दर सलग कुठेच मिळत नाही. शिवाय काही ठिकाणी 2005 पर्यंतचे आकडे हजारांत आहेत आणि 2006 नंतर एकदम दोन आकडी. मालिका तयार कशी करायची?

उत्तर: थेट दर मिळत नाही, कारण बहुतेक काळ तो कोणी ठरवतच नव्हते. मापुतोत डॉलरचा भाव निघतो, चीनमध्ये डॉलरचा भाव निघतो, आणि या दोन भावांचा भागाकार म्हणजे तुम्हाला हवा असलेला दर. यालाच क्रॉस रेट म्हणतात. एका डॉलरचे मेटिकाल घ्या आणि एका डॉलरच्या युआनने भागा. 2023 ची वार्षिक सरासरी 63.89 मेटिकाल आणि 7.08 युआन होती. भागाकार 9.02 येतो, म्हणजे एका युआनला 9 मेटिकाल आणि वर 2 सेंटाव्हो (मेटिकालचा शंभरावा भाग).

हजारांचे कोडे असे आहे. 1 जुलै 2006 रोजी मोझांबिकने चलनातली तीन शून्ये उडवली आणि 1000 जुन्या मेटिकालचा 1 नवा मेटिकाल झाला. जुन्याचा संकेत एमझेडएम, नव्याचा एमझेडएन. आता गोंधळ कुठे होतो तर जागतिक बँकेच्या मालिकेत 2006 च्या आधीचे आकडेही नव्या मेटिकालमध्येच बदलून दिलेले आहेत, आणि त्या काळात छापलेल्या अहवालांत मात्र ते जुन्यात आहेत. दोन्हीकडून आकडे उचलले की मालिका मधेच हजारपट उडी मारते किंवा हजारपट कोसळते. म्हणून कुठलीही मालिका हातात आली की आधी 2000 सालचा एकच आकडा बघा. डॉलरला 15 च्या आसपास दिसला तर तो बदललेला आहे, हात लावू नका. 15 हजारांच्या आसपास दिसला तर 2006 च्या आधीचे सगळे आकडे हजाराने भागा. 2006 हे वर्षच अर्धे जुने आणि अर्धे नवे आहे. त्या वर्षाचे मासिक आकडे घेत असाल तर जूनपर्यंतचेच भागायचे.

वार्षिक सरासरीवरून काढलेले काही दर देतो, तुमचे ताडून पाहा. एका युआनला 2000 मध्ये 1.84 मेटिकाल, 2010 मध्ये 5.02, 2012 मध्ये 4.50, 2014 मध्ये 5.11, 2015 मध्ये 6.42, 2016 मध्ये 9.50, 2020 मध्ये 10.07. दुसऱ्या दशांश स्थळी तुमचा आकडा एखाद्या घराने पुढेमागे झाला तर काळजी नको. पहिल्याच स्थळी चुकला तर एकक तपासा.

एवढ्यावर थांबलात तर प्रकल्प अर्धवट राहील. क्रॉस रेट हलला याचा अर्थ दोघांपैकी कोणीही हललेले असू शकते, आणि परीक्षक तेच विचारणार. 2000 ते 2010 मध्ये दर 1.84 वरून 5.02 वर गेला, म्हणजे 2.73 पट झाला. याची फोड करा. डॉलरचा भाव मापुतोत 15.23 वरून 33.96 मेटिकाल झाला, म्हणजे 2.23 पट. त्याच दहा वर्षांत चीनमध्ये तो 8.28 वरून 6.77 युआनवर आला. उलटा भागाकार केला की युआन 1.22 पट वधारलेला दिसतो. 2.23 गुणिले 1.22 म्हणजे साधारण 2.73. मेटिकालची घसरण मोठी, पण युआनची चढणही नगण्य नाही. 2014 ते 2016 मध्ये मात्र युआन डॉलरसमोर स्वतःच थोडा घसरला होता. तरीही दर 5.11 वरून 9.50 झाला, म्हणजे तिथला सगळा भार मेटिकालचा आहे. एप्रिल 2016 मध्ये मोझांबिक सरकारने हमी देऊन लपवून ठेवलेली एक अब्ज डॉलरहून जास्तीची कर्जे उघडकीला आली. नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी मदत थांबवली आणि आधीच घसरणीला लागलेला मेटिकाल आणखी कोसळला.

आणखी तीन बारीक गोष्टी, पण आकडे बिघडतात ते यांच्यामुळेच. मोझांबिकच्या कागदांत पोर्तुगीज रीत आहे: दशांशाला स्वल्पविराम, हजाराला टिंब. 63,89 असे लिहिलेले एक्सेलमध्ये तसेच चिकटवले तर त्याचे 6389 होते. चिनी सांख्यिकीत वान म्हणजे दहा हजार आणि यी म्हणजे दहा कोटी. यीला अब्ज समजलात तर दहापट चूक. आणि व्यापारासाठी वार्षिक सरासरी घ्या, पण वर्षअखेरीला शिल्लक असलेल्या कर्जासाठी 31 डिसेंबरचाच दर घ्या.

प्रश्न (काणकोण): युआन म्हणावे की रेन्मिन्बी?

उत्तर: रेन्मिन्बी हे चलनाचे नाव आणि युआन हे मोजण्याचे एकक. इंग्लंडच्या चलनाला स्टर्लिंग म्हणतात, पण हातात पौंड मोजतात, तसे. मेटिकाल हे नाव मिस्काल या अरबी वजनावरून आले आहे, त्याने सोने तोलत. जुने आकडे हाताळताना लक्षात ठेवा, 1 मार्च 1955 रोजी चीननेही दहा हजार जुन्या युआनचा एक नवा केला. त्याआधीचा कुठलाही दर थेट पुढे जोडू नये.

प्रश्न (मडगाव): लोरेंसु मार्किशच्या एका कंपनीची 1968 ची पगाराची पावती घरात सापडली. तीवर 4.500$00 असे लिहिले आहे. हे साडेचार डॉलर की साडेचार हजार डॉलर? नातवाला शाळेच्या उपक्रमासाठी त्याचे रुपये आणि युआन दोन्ही काढायचे आहेत.

उत्तर: दोन्ही नाही. ते 4,500 एस्कुदो आहेत, म्हणजे तेव्हाचे पोर्तुगीज चलन. पोर्तुगीज लिखाणात हे चिन्ह एस्कुदो आणि सेंटाव्हो यांच्या मधोमध येते, आपण रुपये आणि पैशांच्या मध्ये टिंब देतो त्या जागी. चिन्हाच्या डावीकडे एस्कुदो, उजवीकडे सेंटाव्हो. त्या आधीचे टिंब हजाराचे. बोलताना हजार एस्कुदोंना एक कोंत म्हणत, म्हणजे हा पगार साडेचार कोंतांचा. गोव्यातल्या 1961 पूर्वीच्या दस्तऐवजांवरही हेच चिन्ह दिसते आणि तिथेही अनेकजण त्याला डॉलर समजतात.

मोझांबिकचा एस्कुदो कागदोपत्री पोर्तुगालच्या एस्कुदोबरोबरीचा होता, आणि त्या काळात एका डॉलरला 28.75 एस्कुदो असा बांधलेला भाव होता. 4,500 भागिले 28.75 म्हणजे 156.52 डॉलर. 1968 मध्ये डॉलरला 7.50 रुपये होते, म्हणून साधारण 1,174 रुपये. इथे एक पाय घसरण्याची जागा आहे. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. त्याआधी डॉलर 4.76 रुपयांना होता. पावती 1965 ची असती तर तेवढेच एस्कुदो 745 रुपयांचे झाले असते. साल नीट वाचल्याशिवाय रुपये काढू नका.

युआन 1955 पासून 1971 पर्यंत डॉलरला 2.4618 वर बांधलेला होता. 28.75 भागिले 2.4618 म्हणजे एका युआनला 11.68 एस्कुदो, आणि तुमच्या पावतीचे 385 युआन. पण नातवाला हेही लिहू द्या की हा आकडा केवळ गणिताचा आहे. पोर्तुगाल आणि चीन यांचे राजनैतिक संबंध 1979 मध्ये जुळले. 1968 मध्ये लोरेंसु मार्किशला कुणी एस्कुदो देऊन युआन घेत नव्हते.

क्रॉस रेट बरोबर निघतो की नाही हे पडताळायला गोव्याचेच उदाहरण हाताशी आहे. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटी इथे रुपिया (पोर्तुगीज गोव्याचे चलन) जाऊन एस्कुदो आला तेव्हा एका रुपियाला 6 एस्कुदो असा हिशेब लावला गेला. 28.75 भागिले 4.76 करा: 6.04 येतात. घरातल्या जुन्या माणसांना आठवणारा सहा एस्कुदोंचा रुपया हा डॉलरमधून काढलेल्या क्रॉस रेटच्या इतका जवळ बसतो.

पावतीबरोबर बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुच्या, म्हणजे पोर्तुगीज वसाहतींसाठी नोटा काढणाऱ्या बँकेच्या, नोटा असतील तर त्या आता कुठल्याच बँकेत बदलून मिळणार नाहीत. जून 1980 मध्ये मोझांबिकने एस्कुदोच्या जागी मेटिकाल आणला, एकास एक. आता त्यांना फक्त संग्राहकांची किंमत. घडी मोडू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका.

प्रश्न (ताळगाव, संशोधक): 1987 मध्ये मेटिकाल आणि 1994 मध्ये युआन, असे दोन कडे माझ्या आलेखात दिसतात. ते खरे मानायचे का? आणि 1994 ची घसरण काही ठिकाणी 33 टक्के लिहितात, काही ठिकाणी 50 टक्के. बरोबर कोणते?

उत्तर: कडे खरे आहेत, पण ते सरकारी दराचे कडे आहेत. बाजार आधीच खाली उतरून बसला होता.

मोझांबिकने 1980 नंतर सरकारी दर डॉलरला चाळिशीच्या आसपासच धरून ठेवला. युद्ध चालू, दुकाने रिकामी, आणि खरा व्यवहार कांदोंगात, म्हणजे काळ्या बाजारात, कितीतरी पट भावाने. जानेवारी 1987 मध्ये आर्थिक पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि दर 39 वरून 200 वर नेला. जूनमध्ये 400 वर. युआन तेव्हा 3.72 होता. म्हणजे एका युआनचे जुने मेटिकाल सहा महिन्यांत साडेदहावरून 54 आणि मग 107 झाले. या काळात लोकांच्या खिशातली किंमत दहापट घसरली असे लिहाल तर चूक होईल. घसरण आधीच झाली होती, सरकारी कागद आत्ता तिच्यापर्यंत येऊन पोचला. 1980 ते 1986 च्या मालिकेखाली ‘सरकारी दर’ असे स्पष्ट लिहा, आणि त्यावरून मजुरी किंवा धान्याच्या किमतींची तुलना करू नका.

चीनचेही तसेच. 1980 पासून परदेशी लोकांसाठी वेगळी विनिमय-प्रमाणपत्रे होती, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून कंपन्यांना डॉलर अदलाबदल केंद्रांत विकता येत. सरकारी दर 5.80 असताना त्या केंद्रांत 1993 च्या अखेरीला 8.70 च्या घरात भाव होता आणि बहुतेक व्यवहार तिथेच होत होते. 1 जानेवारी 1994 रोजी दोन्ही दर एक केले ते 8.70 वर. म्हणून चिनी निर्यातदाराच्या दृष्टीने त्या सकाळी फार मोठा बदल झालेला नव्हता. 1994 च्या आधीच्या वर्षांसाठी दोन स्तंभ ठेवा: एक सरकारी, एक अदलाबदल केंद्राचा.

टक्क्यांचे म्हणाल तर दोन्ही बरोबर. डॉलर 5.80 वरून 8.70 झाला, म्हणजे डॉलर 50 टक्के महागला. युआनची किंमत डॉलरमध्ये 5.80 भागिले 8.70, म्हणजे दोन तृतीयांश उरली, म्हणून युआन 33 टक्के घसरला. वाक्याचा कर्ता कोण ते बघून टक्केवारी लिहा. ‘युआन 50 टक्के घसरला’ हे वाक्य मात्र चूक आहे.

प्रश्न (डिचोली, काजू कारखानदार): मोझांबिकचा कच्चा काजू घेतो आणि कटिंगची यंत्रे चीनमधून मागवायचा विचार आहे. मेटिकाल–युआन दर बघून खरेदीची वेळ साधता येईल का?

उत्तर: नाही. हा दर तुमच्या एकाही बिलावर येत नाही. काजूचा भाव टनाला डॉलरमध्ये ठरतो, आउटटर्न, म्हणजे कच्च्या काजूतून निघणारा गर, 80 किलोच्या पोत्यामागे पाउंडांत मोजतात. पैसे तुम्ही रुपये देऊन डॉलर घेऊन पाठवता. यंत्राचे कोटेशन युआनमध्ये असेल किंवा डॉलरमध्ये. तुम्हाला लागतात ते दोन दर: रुपया–डॉलर आणि डॉलर–युआन.

मेटिकाल येतो तो मागच्या दाराने. मोझांबिकमधल्या नांपुलाच्या शेतकऱ्याला किलोमागे मेटिकाल मिळतात. समजा 25 मेटिकाल. डॉलर 31 ला असेल तर ते 81 सेंट होतात, 63 ला असेल तर 40 सेंट. म्हणजे मेटिकाल कोसळला की त्या हंगामात निर्यातदाराकडे भाव उतरवायला जागा असते. पण ती जागा टिकत नाही, कारण दुसऱ्या खरेदीदाराने 30 मेटिकाल देऊ केले की शेतकरी त्याच्याकडे जातो, आणि व्हिएतनामचे खरेदीदार तिथेच उभे असतात. तेव्हा काजूचा डॉलरमधला भाव उतरेल अशा आशेवर कारखाना रिकामा ठेवू नका.

जुने दर बघायचेच असतील तर हंगामाचे बघा. आपल्याकडे काजू मार्च ते मे, मोझांबिकमध्ये ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कॅलेंडर वर्षाची सरासरी दोन हंगामांचे तुकडे एकत्र कालवते. 2016 मध्ये डॉलर वर्षाच्या सुरुवातीला पन्नाशीच्या आत होता आणि सप्टेंबर–ऑक्टोबरात 78 च्या आसपास. वार्षिक सरासरी 63 येते, पण त्या 63 ला ना जुन्या हंगामाचा माल खरेदी झाला ना नव्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांचे मासिक दर घेऊन त्यांचीच सरासरी काढा, आणि तिला ‘2016–17 हंगाम’ असे नाव द्या.

यंत्राबाबत: समजा कोटेशन 2,40,000 युआनचे आहे. डॉलर 7.10 युआनला असताना ते 33,803 डॉलर होतात, 7.25 ला 33,103. फरक 700 डॉलरचा. विक्रेत्याने डॉलरमध्ये दर दिला असेल तर त्याने स्वतःच्या बचावासाठी थोडा गाळा आत धरलेला असतो. म्हणून त्याच यंत्राचे युआन आणि डॉलर असे दोन्ही भाव एकाच दिवशी मागा आणि भागाकार करून त्याने कुठला दर लावला ते पाहा. त्या दिवशीच्या बाजारदरापेक्षा त्याचा दर बराच कमी निघाला, म्हणजे बाजारात 7.20 आणि त्याचा 7.00, तर डॉलरमध्ये तुम्ही जवळजवळ 3 टक्के जास्त देताय. मग आपल्या बँकेला युआनमध्ये रक्कम पाठवायचा एकूण खर्च विचारा आणि दोन्ही तोलून ठरवा. कोटेशन किती दिवस वैध आहे तेही लेखी घ्या.

प्रश्न (म्हापसा): आमचे काका नैरोबीत होते. केनियाच्या शिलिंगाचा युआनशी दर सुरुवातीपासून कसा बदलत गेला?

उत्तर: काका 1920 च्या आधी गेले असते तर पगार रुपयांतच मिळाला असता, पूर्व आफ्रिकेत तोवर रुपयाच चालत होता. मग काही काळ फ्लोरिन, पाठोपाठ पूर्व आफ्रिकी शिलिंग, आणि सप्टेंबर 1966 पासून केनियाचा स्वतःचा शिलिंग, एकास एक बदलून. डॉलरला 7.14 शिलिंग आणि 2.4618 युआन, म्हणून एका युआनला 2.90 शिलिंग. नोव्हेंबर 1967 मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, पण केनियाने त्याचे अनुकरण केले नाही. म्हणून युआनशी दर तोच राहिला, पौंडाशी मात्र 20 चा 17.14 झाला. जुन्या पत्रांतले पौंड आणि शिलिंग 20 ने गुणताना ही तारीख पाहा.

पुढचे टप्पे वार्षिक सरासरीने: 2000 मध्ये 9.20, 2010 मध्ये 11.70, 2020 मध्ये 15.43, 2023 मध्ये 19.75. 2024 हे वर्ष सरासरीने समजत नाही. जानेवारीत शिलिंग डॉलरला 160 पर्यंत घसरला, युआनला 22 च्या पुढे. फेब्रुवारीत सरकारने नवे डॉलर रोखे विकून जुन्यांची परतफेड सोडवली आणि मार्चपर्यंत डॉलर 130 च्या घरात आला. युआन वर्षअखेरीला 18 च्या आत.

केनियाच्या बाबतीत हा दर आता केवळ भागाकार राहिलेला नाही. मोंबासा–नैरोबी रेल्वेसाठी चीनच्या एक्झिम बँकेकडून घेतलेली डॉलरमधली कर्जे युआनमध्ये बदलल्याचे केनियाने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केले. व्याज आणि हप्ता युआनमध्ये, महसूल शिलिंगमध्ये. यापुढे शिलिंग–युआन दर थेट अंदाजपत्रकात उतरतो.

प्रश्न (वास्को): एकाच तारखेचा मेटिकाल–युआन दर दोन ॲपवर वेगळा दिसतो. मुलगा मापुतोहून सांगतो तो तिसराच. शिवाय एकीकडे सीएनवाय लिहिलेले, दुसरीकडे सीएनएच.

उत्तर: सीएनवाय म्हणजे मुख्य भूमीवरचा युआन, सीएनएच म्हणजे 2010 पासून हाँगकाँगमध्ये आणि बाहेर चालणारा. पैसा एकच, बाजार दोन. एरवी फरक अगदी किरकोळ, पण ताणाच्या दिवसांत वाढतो. 11 ऑगस्ट 2015 रोजी चीनने मध्य दर, म्हणजे रोज सकाळी जाहीर होणारा आधारभूत भाव, एका दिवसात 1.9 टक्के खाली आणला. त्या आठवड्याची मालिका करताना दोन्ही मिसळू नका. जुन्या काळासाठी प्रश्नच नाही, 2010 च्या आधी सीएनएच नव्हताच.

वेळेचाही फरक असतो. चीनचा मध्य दर बीजिंगच्या सकाळी 9:15 ला जाहीर होतो. आपल्याकडे तेव्हा 6:45 वाजलेले असतात आणि मापुतोत रात्रीचे 3:15. म्हणजे ‘त्याच तारखेचा’ मेटिकाल दर अजून जन्मालाही आलेला नसतो. एक ॲप दोन्ही देशांचे दिवसअखेरचे भाव घेते, दुसरे सकाळचे. सुट्ट्यांना तर आदल्या दिवसाचाच आकडा पुढे ओढलेला असतो: चीनची ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची रजा, मोझांबिकची 25 जून, 7 सप्टेंबर, 25 सप्टेंबर, 4 ऑक्टोबर. सलग तीन-चार दिवस चौथ्या दशांशापर्यंत तोच आकडा दिसला तर ती स्थिरता नव्हे, सुट्टी आहे.

मुलाचा आकडा वेगळा, कारण ॲपवर खरेदी आणि विक्रीच्या मधला भाव असतो आणि त्याला बँकेचा भाव मिळतो. युआनचे डॉलर करताना 2 टक्के गेले आणि डॉलरचे मेटिकाल करताना 3 टक्के, तर 0.98 गुणिले 0.97 म्हणजे 0.95, शंभराचे पंचाण्णव उरले. दोन पायऱ्यांचा खर्च दोनदा.

आकडा कोणत्या बाजूने लिहिलाय तेही पाहा. ‘1 मेटिकाल = 0.11 युआन’ असे दोनच दशांश दाखवणाऱ्या ॲपवर मोठी रक्कम काढू नका. खरा आकडा 0.1108 असेल तर 50 लाख मेटिकालमागे 4,000 युआनचा फरक पडतो. ‘1 युआन = 9.02 मेटिकाल’ या बाजूने भागाकार करा, म्हणजे तेवढ्याच अंकांत चूक खूप लहान राहते. आणि सरासरी काढायची असेल तर एकच बाजू धरून ठेवा. सहा महिने 7 आणि सहा महिने 11.50 दर असेल तर सरासरी 9.25. तेच उलटे करून, 0.1429 आणि 0.0870 यांची सरासरी घेऊन पुन्हा उलटवलेत तर 8.70 येते. दोन्ही गणिते बरोबर, पण एकाच तक्त्यात दोन्ही आली की तक्ता चुकला.

प्रश्न (पर्वरी): काही आफ्रिकी देशांनी चीनशी थेट चलन-करार केलेत. तिथे तरी डॉलर मधे येत नसेल ना?

उत्तर: नायजेरियाचा करार हाताने मोजून पाहा. 2018 मध्ये दोन्ही मध्यवर्ती बँकांनी 15 अब्ज युआन आणि 720 अब्ज नायरा यांची अदलाबदल ठरवली. 720 भागिले 15 म्हणजे एका युआनला 48 नायरा. आता त्या वेळचे डॉलरचे भाव घ्या: नायजेरियाचा सरकारी दर 305, चीनचा साधारण 6.35. भागाकार 48. करारात डॉलरचे नाव नसले तरी दर डॉलरमधूनच काढलेला दिसतो, आणि तोही सरकारी दरातून. गुंतवणूकदारांसाठीच्या वेगळ्या बाजारात तेव्हा डॉलर 360 च्या आसपास होता. त्या हिशेबाने युआन 56 ते 57 नायरांना पडला असता. अशा कराराचा आकडा बाजारदर म्हणून मालिकेत घालू नका, शेजारी टीप द्या.

दक्षिण आफ्रिकेचा रँड जरा वेगळा. जून 2016 पासून चीनच्या आंतरबँक बाजारात युआन–रँड असा थेट व्यवहार होतो आणि रोज त्याचा मध्य दर जाहीर होतो. तो वाचताना बाजू उलटी असते. डॉलरसाठी ‘1 डॉलर = इतके युआन’ लिहितात, रँडसाठी ‘1 युआन = इतके रँड’. दोन्ही स्तंभ एकाच सूत्रात ओढले तर रँडचे सगळे आकडे उलटे पडतात. रँड घेऊन सुरुवात करणाऱ्याने आधी हा एक स्तंभ उलटवून घ्यावा आणि मगच पुढची गणिते करावीत.